कोल्हापुरातला पीसी परगावाहून चालवायचा: जोडणी, सॉफ्टवेअरचा परवाना आणि वीज

विचारलेलं थोडक्यात असं: राजारामपुरीत घरी डेस्कटॉप आहे, त्यावर विंडोज ११ होम. पॅटर्नच्या ड्रॉइंगसाठी यूएसबी डोंगलवर (परवाना साठवलेली, पीसीत खोचून ठेवायची छोटी किल्ली) चालणारं कॅड सॉफ्टवेअर, हिशेबासाठी टॅलीप्राइम सिल्व्हर. कामं शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांची. पुणे-कोइमतूर चालूच असतं, आता तीन आठवडे जर्मनीला जायचंय. सोबत साधा लॅपटॉप. दुसरा परवाना घेणं परवडत नाही. घरचाच पीसी तिकडून वापरता येईल का, आणि परवान्याला ते चालतं का?

वापरता येतो. एकच तत्त्व धरून चला: सॉफ्टवेअर, डोंगल आणि डेटा आहे तिथेच राहू दे, सोबत फक्त पडदा आणि कीबोर्ड न्या. उलटं करायला गेलं की गोंधळ होतो. टॅलीचं डेटा फोल्डर गूगल ड्राइव्हमध्ये टाकून लॅपटॉपवर उघडणं, किंवा व्हीपीएन (दोन संगणकांना इंटरनेटवरून जोडणारा खासगी मार्ग) लावून घरच्या शेअर्ड फोल्डरमधली कंपनी थेट उघडणं, हे दोन्ही करू नका. हिशेबाचं सॉफ्टवेअर फाइल सलग वाचत नाही, हजारो छोटे तुकडे मागतं. जर्मनीहून प्रत्येक मागणीला दीडशे मिलिसेकंदांच्या आसपास फेरी पडते, म्हणजे एक लेजर उघडायलाही ताटकळायचं. आणि लिहिता लिहिता नेट तुटलं तर फाइल अर्धी राहते, डेटा बिघडतो. ड्राइव्हच्या सिंकचं दुखणं वेगळं: सॉफ्टवेअर फाइल वापरत असतानाच ती उचलून जुळवायला जातं. रिमोट डेस्कटॉपमध्ये, म्हणजे घरच्या पीसीचा पडदा दूरून चालवताना, नेट तुटलं तरी घरचं सॉफ्टवेअर जागच्या जागी चालू राहतं. पुन्हा जोडलं की कर्सर होता तिथेच.

आता जोडणी. पहिलं काम, घरच्या राउटरच्या पानावर जाऊन वॅन आयपी (नेट कंपनीने राउटरला दिलेला पत्ता) बघा आणि ब्राउझरमध्ये ‘माझा आयपी’ शोधून येणाऱ्या आकड्याशी ताडा. दोन्ही वेगळे असतील, किंवा वॅनचा आकडा १००.६४ ते १००.१२७ मध्ये असेल, तर तुम्ही सीजीनॅटच्या मागे आहात. एकच सार्वजनिक आयपी कंपनीने अनेक घरांत वाटलेला असतो. घरगुती फायबरवर हे सर्रास आढळतं, आणि अशा जोडणीवर राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्ड (बाहेरून येणारी जोडणी घरच्या पीसीकडे वळवणं) कितीही वेळा केलं तरी बाहेरून काही आत येत नाही. सेटिंग चुकलं म्हणून डोकं फोडण्यात अर्थ नाही.

आयपी सार्वजनिक असला तरी रिमोट डेस्कटॉपचा पोर्ट ३३८९ इंटरनेटवर उघडा टाकू नका. असे उघडे पोर्ट शोधणारे स्कॅनर रात्रंदिवस फिरत असतात, आणि कमकुवत पासवर्डवरून आत शिरून सगळा डेटा कुलूपबंद करणारं रॅन्समवेअर याच दारातून येतं. पोर्टचा आकडा बदलून फक्त उशीर होतो, बचाव होत नाही.

याला चांगला उपाय म्हणजे टेलस्केलसारखं मेश व्हीपीएन. ते वायरगार्ड या व्हीपीएन तंत्रावर चालतं, दोन्ही टोकांकडून बाहेरच्या दिशेने जोडणी करतं, त्यामुळे सीजीनॅट आडवं येत नाही. वैयक्तिक वापराला मोफत आहे, धंद्यासाठी सशुल्क प्लॅन आहेत. घरच्या पीसीवर आणि लॅपटॉपवर एकाच खात्याने टाका, की घरच्या पीसीला १००ने सुरू होणारा कायमचा आयपी मिळतो. यात दोन गोष्टी लोक विसरतात. घरच्या पीसीवर ‘रन अनअटेंडेड’ चालू करा, नाहीतर पीसी रीस्टार्ट होऊन लॉगिनच्या पडद्यावर थांबला की टेलस्केल सुरूच होत नाही. आणि ॲडमिन पानावर त्या पीसीपुरती ‘की एक्स्पायरी’ बंद करा. मूळ सेटिंगमध्ये १८० दिवसांनी पुन्हा लॉगिन मागतं, आणि ते दिवस नेमके तुम्ही बाहेर असताना भरले तर घरी जाऊन लॉगिन कोण करणार?

आता पडदा दाखवणारं सॉफ्टवेअर. विंडोजचं स्वतःचं रिमोट डेस्कटॉप, म्हणजे आरडीपी, सर्वात चपळ. पण घरच्या पीसीवर प्रो आवृत्ती लागते. होमवरून दुसऱ्या पीसीत जाता येतं, होममध्ये कुणाला येऊ देता येत नाही. होमवर हे जुगाडाने चालू करणारी पॅच सॉफ्टवेअर मिळतात, त्यांच्या वाटेला जाऊ नका. विंडोज अपडेट आलं की ती मोडतात, शिवाय परवान्याचाही भंग होतो. होमवरून प्रोवर जायला विंडोज नव्याने टाकावी लागत नाही, प्रोची की, म्हणजे परवान्याचा कोड, टाकली आणि रीस्टार्ट केलं की झालं. तरीही तुम्ही प्रोवर लगेच पैसे घालू नका. आधी डोंगल काय म्हणतो ते बघा, कारण खरी अडचण तिथेच आहे.

आरडीपीने आत गेलं की विंडोज ते टर्मिनल सेशन, म्हणजे दूरून केलेलं लॉगिन, म्हणून नोंदवतं, आणि अनेक डोंगल हेच तपासतात. एका डोंगलवर दहा जणांनी सर्व्हरवरून काम करू नये म्हणून ठेवलेली ती अट आहे. सॉफ्टवेअर उघडताना ‘टर्मिनल सर्व्हिस आढळली’ अशा अर्थाचा निरोप येतो आणि ते बंद होतं. डोंगल खराब झालेला नसतो, ड्रायव्हर पुन्हा टाकूनही उपयोग नसतो. फ्लेक्सएलएम या परवाने सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरवर चालणाऱ्या काही परवान्यांतही हीच अट असते. तिथे विक्रेता परवान्याच्या फाइलमध्ये ‘टीएस ओके’ हा शब्द घालून देतो तेव्हाच आरडीपी चालतं, आणि रास्त कारण सांगून मागितलं तर बरेच विक्रेते तो देतात.

क्रोम रिमोट डेस्कटॉप, रस्टडेस्क, एनीडेस्क यांची रीत वेगळी. ती घरच्या मॉनिटरवर जे दिसतं तेच उचलून पाठवतात. विंडोजच्या लेखी माणूस पीसीसमोरच बसलेला असतो, त्यामुळे डोंगल बहुधा कुरकुर करत नाही. म्हणून आधी क्रोम रिमोट डेस्कटॉप लावा. मोफत आहे, होमवर चालतं, किमान सहा अंकी पिन ठेवावी लागते, आणि गूगल खात्याला दुहेरी पडताळणी हवीच. एक दिवस उद्यमनगरातून, मोबाइलच्या नेटवर, कॅड उघडून बघा. चाललं तर तोच पहिला रस्ता. दुसरा रस्ता म्हणून रस्टडेस्क टाका, त्यात ‘डायरेक्ट आयपी’ची सोय चालू करा आणि टेलस्केलच्या आयपीवरून जोडा. पहिला रस्ता गूगलच्या खात्यावर, दुसरा टेलस्केलवर, म्हणजे एकाचं दार बंद झालं तरी दुसरं उघडं राहतं. परदेशात जाताना दोन वेगळे रस्ते हवेतच, एकावर भरवसा ठेवू नका.

एनीडेस्क आणि टीमव्ह्यूअरची मोफत आवृत्ती केवळ वैयक्तिक वापराला असते. व्यावसायिक वापराचा संशय आला की सेशन काही मिनिटांत तुटू लागतं, आणि मग क्लायंट समोर बसलेला असताना काही करता येत नाही. एनीडेस्कच्या नावाने फसवणुकीही खूप होतात, रिझर्व्ह बँकेने २०१९मध्येच त्याबद्दल सावध केलं होतं. घरी राहणाऱ्यांना स्पष्ट सांगून ठेवा: फोनवरून कुणी कोड मागितला, अगदी तुमचं नाव घेऊन मागितला तरी, द्यायचा नाही.

मॉनिटरवरचा पडदा उचलणाऱ्या या सॉफ्टवेअरना मॉनिटर लागतो. निघताना तुम्ही मॉनिटर बंद करणार, आणि काही पीसी मॉनिटर गायब झाला असं समजून काळा पडदा किंवा १०२४ बाय ७६८चा चिमुकला पडदा पाठवतात. डिस्प्लेपोर्टवर हे जास्त होतं. एचडीएमआयचा डमी प्लग काही शे रुपयांत मिळतो. तो ग्राफिक्स कार्डात खोचला की पीसीला मॉनिटर जोडलेलाच वाटतो. खरा मॉनिटर बंद ठेवण्याचं आणखी एक कारण आहे: तुम्ही तिकडे जे काही उघडाल ते घरच्या पडद्यावर जाणाऱ्या-येणाऱ्याला दिसत असतं.

डोंगल सोबत न्यायचा मोह होईल. घरीच राहू दे. तो हरवला तर बहुतेक विक्रेते परवाना हरवल्याचंच धरतात आणि नवा घ्यायला सांगतात. यूएसबी नेटवर्कवरून पाठवणारी सॉफ्टवेअर मिळतात, पण डोंगलशी दीडशे मिलिसेकंदांवरून बोलायला गेलं की कॅड मध्येच अडकतं, आणि काही करारांत ते सरळ मनाही असतं.

बाकीच्या परवान्यांचं वेगवेगळं आहे. ऑटोकॅडची सदस्यता माणसाच्या नावावर असते. तीन संगणकांवर टाकता येतं, पण एका वेळी एकाच ठिकाणी साइन इन. म्हणजे लॅपटॉपला झेपत असेल तर रिमोटची गरजच नाही. अडोबी क्रिएटिव्ह क्लाउड दोन संगणकांवर चालू ठेवता येतं, एकदम वापरता येत नाही. सॉलिडवर्क्सचा नेटवर्क परवाना असेल तर तो ३० दिवसांपर्यंत लॅपटॉपवर उसना घेता येतो. मात्र उसना घेतलेला परवाना लॅपटॉपसकट हरवला तर मुदत संपेपर्यंत सर्व्हरवर परत येत नाही. तुमच्या कॅडच्या करारात दूरून वापर आणि देशाबाहेरचा वापर याबद्दल काय लिहिलंय ते वाचा, आणि डीलरला ईमेलवर विचारून उत्तर लेखी घ्या. तोंडी ‘चालतंय की’वर विसंबू नका.

टॅलीप्राइमची स्वतःचीच सोय आहे. टीएसएस (टॅलीची सशुल्क सेवा-वर्गणी) चालू असेल तर कंपनी टॅली डॉट नेट या टॅलीच्या ऑनलाइन सेवेला जोडून, त्याचा युजर करून दुसऱ्या ठिकाणच्या टॅलीप्राइममधून लॉगिन करता येतं, आणि ब्राउझरमध्ये रिपोर्ट बघता येतात. दोन्हीला घरच्या पीसीवर टॅलीप्राइम उघडी आणि कंपनी जोडलेली लागते. पीसी रीस्टार्ट झाला की हे आपोआप परत येत नाही. तेव्हा आधी क्रोम रिमोटने आत जाऊन टॅली उघडायची. येणं-देणं बघायला ब्राउझर पुरे, व्हाउचर टाकायची असतील तर सरळ पडद्यावरून काम करा.

जीएसटी किंवा इतर कामासाठी डिजिटल सहीचा यूएसबी टोकन घरच्या पीसीला लावून ठेवायचा विचार असेल तर दोन गोष्टी. आरडीपीमधून तो दिसणार नाही, कारण आरडीपी घरच्या पीसीचे स्मार्ट कार्ड झाकून तुमच्या लॅपटॉपचे दाखवतं. पडदा उचलणाऱ्या सॉफ्टवेअरमधून तो दिसतो. पण दिसतो म्हणून लावून ठेवावा असं नाही. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० नुसार आपली खासगी की आपल्या ताब्यात राखण्याची जबाबदारी सहीच्या मालकाची आहे. तीन आठवडे रिकाम्या खोलीत खोचलेला टोकन माझ्या मते चुकीचा. सह्या निघण्याआधी उरका, नाहीतर टोकन स्वतःजवळ न्या.

आता वीज. रिमोट जोडणीत खोट निघते ती बहुतेक वेळा इथेच. सॉफ्टवेअर सगळं नीट लावलेलं असतं, आणि घरी पीसीच बंद पडलेला असतो.

बायोसमध्ये (विंडोजच्या आधी सुरू होणारी पीसीची मूळ सेटिंग) ‘रिस्टोअर ऑन एसी पॉवर लॉस’ किंवा तशा नावाचं सेटिंग शोधा आणि ‘पॉवर ऑन’ ठेवा. ‘लास्ट स्टेट’ नको. यूपीएसच्या सॉफ्टवेअरने पीसी व्यवस्थित बंद केला असेल तर शेवटची अवस्था ‘बंद’ ठरते आणि वीज आल्यावरही तो बंदच राहतो. याच्या आतही एक फट आहे. यूपीएसची बॅटरी उतरत आली म्हणून विंडोज बंद झालं, पण यूपीएस पूर्ण बंद पडायच्या आत वीज परत आली. अशा वेळी पीसीच्या दृष्टीने वीज कधी गेलीच नाही, म्हणून तो उठत नाही. त्यासाठी बायोसमधला आरटीसी अलार्म (ठरल्या वेळी पीसी सुरू करणारं घड्याळ) रोज सकाळी ८ला लावा. चालू पीसीवर त्याचा काही परिणाम नाही, बंद असला तर उठतो. फार तर एक रात्र वाया जाईल. बॅटरी उतरून बंद पडलेला यूपीएस वीज आल्यावर बटण न दाबता सुरू होतो का, तेही घरीच मेन काढून, बॅटरी पूर्ण उतरवून बघा. काही स्वस्त यूपीएस होत नाहीत.

राउटर आणि फायबरचा डबा बहुतेक १२ व्होल्टवर चालतात. त्यांना वेगळा छोटा डीसी यूपीएस लावा. ॲडॉप्टरवरचा व्होल्ट आणि अँपिअरचा आकडा जुळवूनच घ्या. तरीही गल्लीतल्या केबलवाल्याच्या डब्याची वीज गेली की नेट जातं. म्हणून जुना फोन चार्जरला लावून, त्याचा हॉटस्पॉट पीसीला दुसरा मार्ग म्हणून देऊन ठेवला तर चांगलंच. पीसीला राउटरशी मात्र केबलनेच जोडा.

‘वेक ऑन लॅन’ने, म्हणजे नेटवर्कवरून निरोप पाठवून, जर्मनीहून पीसी उठवता येईल का, हे पुष्कळजण विचारतात. नुसत्या टेलस्केलने नाही, कारण पीसी झोपला की त्यातलं टेलस्केलही झोपतं. उठवणारं पॅकेट घरच्याच नेटवर्कमधून सुटावं लागतं. रास्पबेरी पाय हा हाताएवढा छोटा संगणक कायम चालू ठेवून त्यावर टेलस्केल घातलं तर जमतं. त्याहून सोपं म्हणजे पीसी झोपूच द्यायचा नाही: पॉवर सेटिंगमध्ये स्लीप ‘कधीच नाही’, हायबरनेट आणि फास्ट स्टार्टअप बंद. यूपीएस आणि पीसीच्या मध्ये स्मार्ट प्लग लावता येतो, पण तो पीसी पूर्ण अडकला असेल तेव्हाच वापरायचा. चालत्या टॅलीची वीज तोडणं म्हणजे डेटाशी खेळ.

वळवाच्या दिवसांत विजा कडाडतात. फायबरमधून झटका येत नाही, पण वायरच्या टीव्ही केबलमधून किंवा अर्थिंग नसलेल्या सॉकेटमधून येतो. अर्थिंग तपासून घ्या. तुम्ही वर राजारामपुरीत आहात म्हणून ठीक, पण हेच वाचून शाहूपुरी, व्हीनस कॉर्नर, नागाळा पार्ककडच्या तळमजल्यावर कुणी पीसी लावून जाणार असेल तर जुलै-ऑगस्टमध्ये सीपीयू, यूपीएस वरच्या मजल्यावर हलवा. २०१९ आणि २०२१च्या पुरात त्या भागांत काय झालं ते आपण बघितलंय. पाणी शिरलेल्या भागाची वीज सुरक्षिततेसाठी तोडली जाते, तेव्हा यूपीएसने काही साधत नाही. पावसाळ्यात जाताना डेटाची एक प्रत पेन ड्राइव्हवर सोबत आणि एक दुसऱ्या घरी ठेवा.

विंडोज अपडेट निघण्याआधी स्वतः पूर्ण करून, दोनदा रीस्टार्ट करून घ्या. मग पाच आठवड्यांपर्यंत थांबवता येतात, तीन आठवड्यांना ते पुरतं. ‘ॲक्टिव्ह अवर्स’, म्हणजे अपडेटसाठी विंडोज आपोआप रीस्टार्ट होत नाही ते तास, जास्तीत जास्त १८ असतात, सकाळी ८ ते रात्री २ ठेवा. जर्मनी उन्हाळ्यात साडेतीन आणि हिवाळ्यात साडेचार तास मागे असते, त्यामुळे तिथली संध्याकाळही यात बसते. बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) चालू असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर घ्या. बायोसमध्ये काही बदललं की पुढच्या वेळी ती मागितली जाऊ शकते, आणि तो निळा पडदा कुठल्याही रिमोटमधून दिसत नाही. म्हणून बायोसचे बदल आठवडाभर आधी करा, आदल्या रात्री नको.

पुढे प्रो घेतलं तर: मायक्रोसॉफ्ट खात्याने फक्त पिनवर लॉगिन करत असाल तर आरडीपी पासवर्ड नाकारतं. ‘फक्त विंडोज हॅलो’चं सेटिंग बंद करून एकदा पासवर्डने लॉगिन करा. कोऱ्या पासवर्डचं खातं तर चालतच नाही. एका वेळी एकच माणूस आत असतो, म्हणून घरी कुणी पीसी वापरायला बसलं की तुम्ही बाहेर फेकले जाता. आणि आत असताना ‘शट डाउन’ला हात लावू नका, ‘डिस्कनेक्ट’ करा.

तिकडे गेल्यावर हॉटेलच्या वायफायवर आधी ब्राउझरमध्ये त्यांचं लॉगिन पान उघडून घ्या, त्याशिवाय काहीच जोडत नाही. तिथे यूडीपी (टेलस्केलच्या थेट जोडणीला लागणारा डेटाचा प्रकार) अडवलेलं असेल तर टेलस्केल रिले सर्व्हरवरून वळसा घेतं, काम होतं पण संथ. अशा वेळी फोनचा हॉटस्पॉट बरा. वेग कमी वाटला तर आधी घरच्या पडद्याचं रिझोल्यूशन उतरवा. लक्षात ठेवा, पडदा घरून बाहेर जातो, म्हणून घरच्या नेटचा अपलोड महत्त्वाचा, हॉटेलचा डाउनलोड नंतर. दीडशे मिलिसेकंदांवर टॅली आणि मेजरमेंट बदलणं आरामात होतं. थ्रीडी मॉडेल माउसने फिरवणं जिकिरीचं, त्यासाठी ठरलेले व्ह्यू आणि कीबोर्डचे शॉर्टकट वापरा. मराठी टायपिंगला लॅपटॉपचा कीबोर्ड इंग्रजीवर ठेवा आणि भाषा घरच्या पीसीवर बदला. दोन्हीकडे मराठी ठेवली तर अक्षरांची खिचडी होते. देशातल्या प्रवासात ट्रेन किंवा घाटाचा भरवसा धरू नका. गगनबावडा किंवा आंब्याकडे उतरताना सिग्नल जातो, तेव्हा व्हाउचर सेव्ह करून मगच निघा.

ओटीपी ज्या सिमवर येतात त्याचं आंतरराष्ट्रीय रोमिंग इथेच चालू करा. गूगल खात्याची, आणि टेलस्केलला ज्या खात्याने लॉगिन करता त्याची, दुहेरी पडताळणी ॲथेंटिकेटर ॲपवर घ्या, बॅकअप कोड पाकिटात ठेवा. फोन हरवला तर घरच्या पीसीचं दार याच कोडनी उघडेल.

निघण्याआधी किमान दोन दिवस तालीम हवी. पीसी घरी, तुम्ही बाहेर, मोबाइल नेटवर. घरच्यांना मेन स्विच पाडायला सांगा, पंधरा मिनिटांनी चालू करायला सांगा, आणि पीसी आपोआप येतो का, दोन्ही रस्त्यांनी आत जाता येतं का, कॅड डोंगल ओळखतं का, ते बघा. एखादी पायरी अडली तर आत्ताच दुरुस्त होईल.

आणि घरी राहणाऱ्यासाठी एक कागद पीसीला चिकटवून ठेवा. त्यावर राउटरचे कुठले दिवे हिरवे असायला हवेत, यूपीएसचं बटण कुठलं आणि ते किती वेळ दाबायचं, सीपीयूचं बटण एकदाच दाबायचं, डोंगलला हात लावायचा नाही, आणि तुमचा जर्मनीतला नंबर, एवढंच मोठ्या अक्षरात लिहा. पासवर्ड त्या कागदावर लिहू नका.